एक्सेलमध्ये ७/१२ टाइप केलं की ७ डिसेंबर का होतं? उत्तर कॉम्प्युटरच्या पुस्तकातच आहे, पण त्या पानावर कुणी थांबत नाही

एक्सेलची कोरी फाइल उघडा. कुठल्याही चौकोनात ७/१२ टाइप करा आणि एंटर दाबा. भारतीय पद्धतीची तारीख असलेल्या कॉम्प्युटरवर ७ डिसेंबर दिसेल. अमेरिकी पद्धतीची तारीख असेल तर १२ जुलै. सातबारा कुठेच नाही.

गट नंबरांची यादी करताना हीच गंमत राहत नाही. १२/३ चा १२ मार्च होतो, ५/२ चा ५ फेब्रुवारी. १४५/२३ मात्र तसाच राहतो, कारण अशी तारीखच नसते. म्हणजे यादीतले काही नंबर बिघडतात, काही शाबूत राहतात, आणि दोनशे ओळींच्या यादीत ही भेसळ पटकन डोळ्यांना दिसत नाही. चूक लक्षात आल्यावर अनेकजण तो कॉलम निवडून त्याला 'टेक्स्ट' करतात. मग तिथे ४५९९८ असा आकडा उमटतो आणि घाम फुटतो.

हा व्हायरस नाही आणि सॉफ्टवेअरही बिघडलेलं नाही. याचं स्पष्टीकरण बेसिक कॉम्प्युटरच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात असतं, 'सेल फॉरमॅट' नावाच्या कंटाळवाण्या प्रकरणात. अडचण अशी की एमएस-सीआयटी असो, सीसीसी असो की गाइड घेऊन घरी केलेला अभ्यास, परीक्षेच्या घाईत हेच प्रकरण सगळ्यात आधी सुटतं. नोकरीत मात्र पहिल्या आठवड्यात तेच समोर येतं.

प्रमाणपत्राचा प्रश्न आधी

महाराष्ट्रात ऑफिस सॉफ्टवेअर शिकणं हा छंदाचा विषय नाही. एमकेसीएलने २००२ मध्ये एमएस-सीआयटी सुरू केला आणि काही वर्षांत तालुक्यापासून मोठ्या गावांपर्यंत त्याची केंद्रं उघडली. सरकारी भरतीच्या जाहिरातींमध्ये 'संगणक अर्हता' या रकान्याखाली ४ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयाचा उल्लेख हमखास दिसतो. त्यानुसार एमएस-सीआयटी चालतो, तसाच डोएक सोसायटीचा सीसीसी किंवा 'ओ' लेव्हलही चालतो. (डोएकचं नाव २०११ पासून नायलिट झालं आहे. जाहिरातींत जुनंच नाव राहिल्याने दरवर्षी काही उमेदवार गोंधळतात.)

प्रमाणपत्र मिळालं की अर्जातला रकाना भरतो. पण खासगी ऑफिसात, सीएच्या फर्ममध्ये, पतसंस्थेत किंवा शाळेच्या कार्यालयात रुजू होताना समोर एक फाइल ठेवली जाते आणि 'एवढं नीट करून द्या' म्हणतात. तिथे पाठ केलेले शॉर्टकट थोडेच पुरतात.

मग पुस्तकातून हे शिकता येतं का? येतं. पण पुस्तकातली सगळी पानं सारखी टिकत नाहीत.

कोणती पानं शिळी होतात?

२००७ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ बाजारात आणलं आणि जगभरातली लाखो पाठ्यपुस्तकं एका फटक्यात जुनी झाली. तोपर्यंत वर फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट अशी मेनूंची ओळ असायची. ती जाऊन 'रिबन' आली, म्हणजे आज दिसणारी आयकॉनची रुंद पट्टी. फाइल मेनूच गायब झाला, त्याच्या जागी कोपऱ्यात एक गोल बटण आलं. २०१० च्या आवृत्तीत 'फाइल' परत आलं, कारण लोकांना प्रिंट आणि सेव्ह कुठे आहे तेच सापडत नव्हतं.

ज्यांनी 'फॉरमॅट मेनूत जा, मग सेल्सवर क्लिक करा' असं पाठ केलं होतं, त्यांचं शिक्षण त्या दिवशी थांबलं. पण ज्यांनी कंट्रोल धरून १ दाबायला शिकलं होतं, त्यांना काहीच फरक पडला नाही. तीच खिडकी तेव्हाही उघडत होती, आजही उघडते. एक्सेल २००३ मधले मेनूचे जुने कीबोर्ड-मार्गही आजच्या एक्सेलमध्ये चालतात. ऑल्ट-ई आणि मग एस दाबलं की पेस्ट स्पेशल आजही समोर येतं, मेनू दिसत नसला तरी.

म्हणून पुस्तकातली स्क्रीनची चित्रं ही सर्वात लवकर शिळी होणारी गोष्ट. चित्रात बटण जिथे दाखवलंय तिथे ते नसेल, तर पुस्तक चुकलं असं समजून सोडून देऊ नये. नव्या ऑफिसमध्ये ऑल्ट-क्यू दाबलं की वर शोधाची चौकट उघडते. तिथे हव्या त्या गोष्टीचं नाव टाइप केलं की ती समोर येते. अट एकच. नाव माहीत पाहिजे, आणि तेही स्क्रीनवर असतं ते.

मराठीतून शिकणाऱ्यांची खरी अडचण इथे आहे. काही मराठी पुस्तकं सेलला 'कक्ष' म्हणतात, फाइलला 'संचिका', फॉरमॅटला 'स्वरूपण'. शब्द चुकीचे नाहीत. पण ऑफिसमधल्या कॉम्प्युटरवर पडदा इंग्रजीतच असतो आणि तिथे 'स्वरूपण' शोधून काही मिळत नाही. समजावणं मराठीत आणि नाव स्क्रीनवरचं, असं ज्या पुस्तकात आहे ते कामाला येतं. नसेल तर मार्जिनमध्ये पेन्सिलने स्क्रीनवरचा शब्द लिहून ठेवणं हा सोपा उपाय आहे.

आता सातबाराकडे

एक्सेलच्या प्रत्येक चौकोनात दोन गोष्टी असतात. आत साठवलेली किंमत आणि वर दिसणारं रूप. ही दोन वेगळी आहेत हे एकदा पटलं की निम्मं एक्सेल समजलं.

एक्सेल तारीख ही तारीख म्हणून साठवतच नाही. ते दिवस मोजतं. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, त्यानंतर दररोज एक वाढवत जायचं. या मोजणीत ७ डिसेंबर २०२५ चा नंबर येतो ४५९९८. म्हणून २०२५ मध्ये ७/१२ टाइप केलं की आत ४५९९८ बसतो आणि वर ७ डिसेंबर दिसतो. कॉलमला नंतर 'टेक्स्ट' केलं की वरचं रूप निघून जातं, आतला आकडा उघडा पडतो. मूळचा ७/१२ तोवर कधीच गेलेला असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कॉलम निवडून त्याला टेक्स्ट करायचं, नंतर टाइप करायचं. एखादाच नंबर असेल तर त्याआधी एकेरी अवतरण चिन्ह द्यायचं. ते चौकोनात दिसत नाही, पण एक्सेल पुढचं सगळं जसंच्या तसं ठेवतं.

(या मोजणीत एक जुनी चूक आहे. एक्सेलच्या मते १९०० मध्ये २९ फेब्रुवारी होती. प्रत्यक्षात ते लीप वर्ष नव्हतं. ही चूक लोटस १-२-३ या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होती. त्याच्या फाइलींशी जुळावं म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून घेतली आणि आजवर सांभाळली.)

ही फजिती गावाकडच्या यादीपुरती नाही. माणसाच्या जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली. मार्च-१, सेप्ट-१ अशी ती नावं होती आणि संशोधकांच्या एक्सेल फाइलींमध्ये त्यांच्या तारखा होत होत्या. सॉफ्टवेअर बदलेना, म्हणून जनुकांनी नाव बदललं. त्यानंतर तीन वर्षांनी, २०२३ मध्ये, मायक्रोसॉफ्टने अशी काही आपोआप रूपांतरं बंद करण्याची सोय ऑप्शन्समध्ये दिली. त्याआधी छापलेल्या पुस्तकात ती सापडणार नाही.

खातं एकाचं, पैसे अडकले

याच प्रकरणातला दुसरा परिच्छेद जास्त महागात पडतो. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच लक्षात ठेवतं. सोळावा अंक आला की त्याचं शून्य होतं. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. शिष्यवृत्तीची किंवा अनुदानाची यादी करताना असा क्रमांक थेट टाइप केला, तर शेवटचा अंक शून्य होऊन बसतो आणि एक्सेल तक्रारही करत नाही. यादी पुढे जाते, पैसे परत येतात, आणि विद्यार्थ्याच्या घरचे शाळेत चकरा मारतात.

१२ अंकी आधार क्रमांक साध्या चौकोनात टाकला तर मधे दशांश चिन्ह आणि 'ई' असलेलं विचित्र रूप दिसतं. तिथे मात्र आतली संख्या शाबूत असते, फक्त रूप बदललेलं असतं. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं पुढचं शून्य मात्र खरंच जातं. तिन्ही गोष्टी दिसायला सारख्या बिघाडाच्या, पण एकात काही गेलेलं नाही आणि दोनांत गेलंय. हा फरक शॉर्टकटच्या यादीतून कळत नाही.

नियम सोपा आहे. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही, तो आकडा नाहीच, ते नाव आहे. मोबाइल नंबर, आधार, खातं, गट नंबर, हजेरी क्रमांक. त्यांना टेक्स्टच करायचं.

डॉलरचं चिन्ह: एका दुधाच्या हिशोबात

बहुतेकांचा पुस्तकी अभ्यास एक्सेलच्या ज्या पानावर अडतो, ते म्हणजे 'अॅब्सोल्यूट रेफरन्स'. पुस्तकात त्याची व्याख्या असते आणि व्याख्येने काहीच उलगडत नाही. गावातल्या दूध संकलनाचा हिशोब घेतला तर उलगडतं.

समजा, ए कॉलममध्ये शेतकऱ्यांची नावं आहेत, बी मध्ये लिटर. आजचा दर एकाच जागी लिहिलाय, ई१ मध्ये. पहिल्या शेतकऱ्याचे पैसे काढायला सी२ मध्ये सूत्र दिलं, बी२ गुणिले ई१. उत्तर बरोबर. आता तेच सूत्र ओढून खाली नेलं. दुसऱ्या शेतकऱ्याला शून्य, तिसऱ्यालाही शून्य.

कारण सूत्र कॉपी करताना एक्सेल पत्ता कॉपी करत नाही, अंतर कॉपी करतं. सी२ मधल्या सूत्राचा त्याच्या लेखी अर्थ असा की डावीकडच्या शेजाऱ्याला, दोन घरं उजवीकडे आणि एक घर वर आहे त्याने गुणा. एक ओळ खाली आल्यावर डावा शेजारी बदलतो, ते हवंच आहे. पण दराचं घरही एक ओळ खाली सरकतं, ई१ चं ई२ होतं, आणि ई२ रिकामं असतं. ई आणि १ या दोन्हींच्या आधी डॉलरचं चिन्ह दिलं की तो पत्ता खिळला जातो. सूत्र कितीही खाली ओढा, दर ई१ मधूनच येतो. उद्या दर बदलला तर एकच घर बदलायचं, सगळ्यांचे पैसे आपोआप बदलतात.

हे पान वाचताना पुस्तक झाकून वहीत लिहून पाहावं: सी५ मध्ये सूत्र काय असेल? मग कॉम्प्युटरवर पाहावं. उत्तर चुकलं तर का चुकलं, हे शोधताना जे कळतं ते चित्र बघून कळत नाही.

अशा चुका मोठ्यांनाही सुटत नाहीत. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक शोधनिबंध लिहिला. काटकसरीच्या धोरणांचं समर्थन करताना तो अनेक देशांत दाखवला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला विद्यार्थी थॉमस हर्नडन याला त्यांच्या एक्सेल फाइलमध्ये चूक सापडली. सरासरी काढताना ओळी ३० ते ४९ घ्यायच्या होत्या, घेतल्या ३० ते ४४. पाच देश हिशोबातून गळले. निबंधावरच्या आक्षेपांपैकी ही एकच चूक होती, पण जगभर गाजली ती हीच.

फाइल म्हणजे काय, हा प्रश्न आता अवघड झालाय

वीस वर्षांपूर्वी 'फाइल आणि फोल्डर' हे पुस्तकातलं सर्वात सोपं प्रकरण होतं. आता ते अवघड आहे. असर २०२३ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटातल्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि तो वापरताही येतो. पण फोनमध्ये फाइल कुठे आहे हे कधी पाहावं लागत नाही. फोटो गॅलरीत असतो, पीडीएफ व्हॉट्सअॅपमध्ये. 'फाइल डी ड्राइव्हवर अमुक फोल्डरमध्ये सेव्ह करा' असं सांगितल्यावर अनेक हुशार मुलं गोंधळतात. फाइल ही एक वस्तू आहे, ती एका जागी असते, ही कल्पनाच नवी असते.

नावाच्या शेवटी टिंब देऊन येणारी तीन-चार अक्षरं, म्हणजे फाइलचा प्रकार, हेही याच पानावर असतं. जुन्या एक्सेल प्रकारात, एक्सएलएसमध्ये, ६५,५३६ ओळीच मावतात. २००७ पासूनच्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत कोरोना चाचण्यांचे निकाल जुन्या प्रकारच्या फाइलींत भरले जात होते. फाइल भरली आणि पुढच्या ओळी गळाल्या. १५,८४१ बाधितांची नोंद राहून गेली आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला.

वर्डमधलं मराठी

वर्डमध्ये इतर गोष्टी सरावाने जमतात. फॉन्टचं पान मात्र मराठी माणसाने नीट वाचायला हवं. कृतिदेव किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडते. कारण कॉम्प्युटरने साठवली होती इंग्रजी अक्षरंच. फॉन्टने त्यांना फक्त मराठीचा सदरा घातला होता. सदरा काढला की आतलं दिसतं. पुन्हा तेच: साठवलेलं वेगळं, दिसणारं वेगळं.

युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठवला जातो. देवनागरीला त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा आहे. आपली फाइल कुठल्या प्रकारची, हे तपासायला एक शब्द निवडून त्याचा फॉन्ट एरियल करायचा. मराठी राहिलं तर युनिकोड, इंग्रजी झालं तर जुना फॉन्ट. जुन्या फॉन्टमधल्या नावांची यादी एक्सेलमध्ये अकारविल्हे लावली तर ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागते, आणि आडनाव शोधायला गेलं की सापडत नाही. टायपिंगच्या क्लासला जाणाऱ्यांनी म्हणूनच आधी विचारावं की सराव इनस्क्रिप्ट कीबोर्डवर आहे की जुन्या फॉन्टच्या.

घरी कॉम्प्युटर नसेल तर?

फक्त पुस्तक वाचून हे शिकता येणार नाही, हे खरंच. पण सूत्र, डॉलरचं चिन्ह, टेक्स्ट आणि तारीख यांचा सराव फोनवरच्या गूगल शीट्समध्ये किंवा एक्सेलच्या अॅपमध्ये होतो. तिथे रिबन वेगळी दिसते, सूत्रं तीच. कॉम्प्युटर आहे पण ऑफिस विकत घेणं परवडत नाही, त्यांच्यासाठी लिब्रेऑफिस पूर्ण मोफत आहे. सीसीसी करणाऱ्यांना तर तेच लागतं. त्याच्या २०१९ च्या सुधारित अभ्यासक्रमात रायटर, कॅल्क आणि इम्प्रेस आहेत, वर्ड-एक्सेल नाही. सेकंडहँड घेतलेलं सीसीसीचं पुस्तक त्याआधीचं असेल, तर परीक्षेला बसताना वेगळंच सॉफ्टवेअर समोर येईल.

पुस्तकाला जोड म्हणून आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे. साधारण दहा मिनिटांचे मोफत व्हिडिओ, लिब्रेऑफिसचे मराठीतूनही. त्यांची पद्धत सरळ आहे. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर. एक पायरी पाहायची, थांबवायचं, स्वतः करायचं. पुस्तकही असंच वाचता येतं, फक्त थांबवायचं बटण आपल्याकडे असतं.

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात किंवा तुमच्या गावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात कॉम्प्युटरची पुस्तकं स्वस्तात मिळतात. घेण्याआधी मुखपृष्ठावरचा आवृत्तीचा आकडा बघाच, पण नंतर आत एक्सेलच्या धड्यात 'सेल फॉरमॅट'चं प्रकरण काढा. तिथे टेक्स्ट आणि नंबर यांतला फरक उदाहरण देऊन समजावला असेल, तर पुस्तक ऑफिस २०१० चं असलं तरी घ्यायला हरकत नाही. नुसती बटणांची चित्रं आणि खाली 'ओके वर क्लिक करा' एवढंच असेल, तर कालच छापलेलं असलं तरी परत ठेवा.